कोपी

ऊसतोड कामगारांचा, मोडून सोबत नेता येणारा तात्पुरता निवारा. कवठे महांकाळ परिसरात महांकाली सहकारी साखर कारखान्याच्या गळीत हंगामात अशा कोप्यांचे तळ पडत असत. कामट्यांची चटई कमानीसारखी वाकवून तिच्या कडा मातीत पुरतात. आत आडवा बांबू बांधून वरून प्लॅस्टिकचा कागद दोरीने आवळतात. जागा उंचवट्याची, दार वाऱ्याच्या उलट बाजूला. अवकाळी पावसाचे पाणी शिरू नये म्हणून भोवती चर खणून निघालेली माती कडेला दाबतात. कागद फडफडू लागल्यास दोऱ्या पुन्हा ताणून कडांवर दगड ठेवतात. चूल मात्र बाहेरच हवी, चटई चटकन पेटते. शौचालय-न्हाणीघराअभावी सर्वाधिक हाल स्त्रियांचे होतात. ही सोय तळावर असायलाच हवी.