मुखाच्या व ओठाच्या कर्करोगातील प्रतिकारपेशी

तोंडाच्या आणि ओठाच्या कर्करोगांपैकी बहुतेक स्क्वॅमस सेल कार्सिनोमा या प्रकारचे असतात. अशा गाठीत कर्कपेशींच्या जोडीला रक्तातून आलेल्या प्रतिकारपेशीही असतात. गाठ मानेतल्या लसीका ग्रंथींत पसरेल का, औषधाला दाद देईल का, हे ठरण्यात त्यांचा मोठा वाटा असतो.

बायोप्सीचा रंगवलेला काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की कर्कपेशींची गुलाबी बेटे दिसतात; काहींच्या मध्यभागी केराटिनची गोल वेटोळी असतात. बेटांच्या कडेला गडद निळ्या ठिपक्यांची दाटी असते, ती लिम्फोसाइट पेशींची. सीडी८ या प्रथिनाला चिकटणारे प्रतिपिंड वापरून पुन्हा रंगवले की त्यांतल्या मारक टी-पेशी तपकिरी होऊन उठून दिसतात. बेटात शिरलेल्या आणि कडेलाच अडलेल्या पेशी वेगवेगळ्या मोजायला हव्यात. नुसती एकूण संख्या दिशाभूल करते.

मारक टी-पेशी कर्कपेशीवरील बदललेल्या प्रथिनांचे तुकडे ओळखते, परफोरिनने तिच्या आवरणाला भोके पाडते आणि ग्रॅन्झाइम आत सोडून तिला मारते. हे तुकडे बाहेर मांडणारे एचएलए रेणू कर्कपेशीने कमी केले, तर टी-पेशीला ती ओळखू येत नाही. मात्र नैसर्गिक मारक पेशी, म्हणजे एनके पेशी, नेमक्या अशाच पेशींवर तुटून पडतात. कर्कपेशीवरील पीडी-एल१ हा रेणू टी-पेशीवरील पीडी-१ला जोडला गेला की टी-पेशीचा जोर ओसरतो. मॅक्रोफेज या भक्षक पेशीही पुष्कळदा गाठीलाच सामील होतात आणि नव्या रक्तवाहिन्या वाढायला मदत करतात. नियामक टी-पेशी प्रतिकार दडपतात. तरीही डोके-मानेच्या कर्करोगावरील काही अभ्यासांत त्या जास्त असलेले रुग्ण अधिक काळ जगल्याचे आढळले आहे. त्यामुळे त्यांना सरसकट शत्रू ठरवणे घाईचे होईल.

ओठाचा कर्करोग मुख्यतः खालच्या ओठावर, गोऱ्या वर्णाच्या आणि उन्हात राबणाऱ्या लोकांत होतो. तोंडाच्या आतल्या गाठींशी तुलना करता ओठाच्या गाठींत सीडी८ आणि एनके पेशी जास्त आढळल्या आहेत. ओठाच्या रुग्णांची वाटचाल सहसा बरी असते, पण त्याचे सारे श्रेय या पेशींना देता येणार नाही, कारण ओठावरची जखम लवकर नजरेस पडते. प्रतिकारशक्तीचे महत्त्व दिसते ते मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या रुग्णांत: प्रतिकार दाबणारी औषधे घेणाऱ्या या लोकांत ओठाच्या कर्करोगाचे प्रमाण कितीतरी जास्त असते.

महाराष्ट्रात तंबाखू-चुना, गुटखा, खर्रा आणि मिश्री यांमुळे गाल व हिरडीचा कर्करोग अधिक दिसतो. सुपारीने होणाऱ्या सबम्युकस फायब्रोसिस या तोंडाच्या विकारात प्रतिकारपेशी जमून दाह वर्षानुवर्षे चालू राहतो, कोलॅजेन साचते आणि तोंड उघडेनासे होते. म्हणजे प्रतिकारपेशी नुसत्या जमल्या म्हणून रक्षण होतेच असे नाही.

पीडी-१ रेणूचा शोध लावणारे तासुकू होंजो यांना 2018 सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पीडी-१ रोखणारे निवोलुमॅब डोके-मानेच्या कर्करोगावर 2016पासून वापरात आहे, पण त्याची किंमत बहुतेक भारतीय कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने आजार बरा होण्यापलीकडे गेलेल्या रुग्णांना तोंडाने घ्यायच्या औषधांसोबत दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम निवोलुमॅब देऊन पाहिले. नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी 240 मिलिग्रॅम असते. वर्षभर जगलेल्यांचे प्रमाण नुसती तोंडाने घ्यायची औषधे घेणाऱ्यांत 16.3 टक्के होते, तर निवोलुमॅबही मिळालेल्यांत 43.4 टक्के. इथल्या रुग्णांसाठी ही चाचणी एखाद्या नव्या औषधाच्या शोधाइतकीच मोलाची आहे.