फिशर–ताल, लायप्झिग १९६०: एकवीस चालींची बरोबरी

पूर्व जर्मनीतील लायप्झिग येथे १९६० साली भरलेल्या चौदाव्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या लढतीत पहिल्या पटावर झालेला हा डाव. पांढरी मोहरी १७ वर्षांच्या बॉबी फिशरकडे, तर काळी त्याच वर्षी बॉटविनिकला हरवून जगज्जेता झालेल्या मिखाइल तालकडे होती. आदल्या वर्षीच्या आव्हानवीर स्पर्धेत तालने फिशरला चारही डावांत नमवले होते. त्यामुळे हा डाव फिशरच्या दृष्टीने साधा नव्हता.

तालने फ्रेंच बचावातील विनावर प्रकार निवडला आणि पाचव्या चालीला उंट ए५ वर मागे घेतला. फिशरच्या वजिराने जी७ व एच७ वरील प्यादी टिपली. मोबदल्यात काळ्याला खुली जी पट्टी मिळाली. दोन्ही राजांनी परस्परविरुद्ध बाजूंना कॅसलिंग केले आणि तेराव्या चालीनंतर पटावर अक्षरशः वणवा पेटला.

तालने चौदाव्या चालीला घोड्याने इ५ वरील प्यादे मारले. यानंतरच्या मारामारीत दोघांनीही आपली मोहरी वाचवण्याऐवजी प्रतिस्पर्ध्याची घेणे पसंत केले. फिशरचा घोडा एफ७ वरून डी८ वरील हत्ती घेतो, तोवर तालच्या उंटाने एफ१ वरचा हत्ती गिळंकृत केलेला असतो. मग तो घोडा इ६ वर येऊन वजीर आणि हत्ती दोघांवर एकदम रोखला जातो, आणि तालचा हत्ती जी२ वर शह देत घुसतो. तो हत्ती उंटाच्या आधारावर उभा असल्याने राजाला मारता येत नाही. एकोणिसाव्या चालीला वजीर इ५ वर आणून तालने तोल सावरला. डावातील सर्वांत मोलाची चाल बहुधा हीच.

शेवटी फिशरकडे घोड्याच्या बदल्यात हत्ती आणि एक प्यादे जास्त उरले. पण काळा वजीर जी४ आणि एफ३ या घरांतून राजाला अखंड शह देत राहणार, हे दोघांनाही दिसत होते. एकविसाव्या चालीनंतर डाव बरोबरीत सुटला. फिशरने आपल्या साठ संस्मरणीय डावांच्या संग्रहात या बरोबरीला स्थान दिले.

ऑलिंपियाडचे सुवर्णपदक सोव्हिएत संघाने, रौप्य अमेरिकेने मिळवले. पुढच्याच वर्षी ब्लेड येथील स्पर्धेत फिशरने तालला प्रथमच हरवले. विजेतेपद मात्र तालकडेच गेले.