ऱ्हाईनवरील सावकाश प्रवास

युरोपांत सुटी घालवूं इच्छिणाऱ्या मनुष्यापुढें आज प्रवासाचीं साधनें इतकीं आहेत कीं, त्यांतून कोणतें निवडावें हाच एक प्रश्न होऊन बसतो. विमान दोन तासांत एका राजधानींतून दुसरींत नेऊन सोडतें. आगगाडी एका दिवसांत तीन देशांच्या सीमा ओलांडते. असें असूनही लक्षावधि प्रवासी दरवर्षीं नदींतून संथपणें जाणाऱ्या बोटीवर आठ-आठ दिवस राहणें पसंत करतात. ही आवड नवी नाहीं. ती प्रथम वाढीस लागली ती मुख्यतः ऱ्हाईन नदीवर. आणि त्यापूर्वीं त्या नदीलाच पुष्कळ बंधनांतून मुक्त व्हावें लागलें.

आल्प्स पर्वतांत उगम पावून सुमारें १२३० किलोमीटर वाहत ऱ्हाईन उत्तर समुद्रास मिळते. मध्ययुगांत तिच्या दोन्ही तीरांवर लहानमोठ्या राजांची व धर्माधिकाऱ्यांची सत्ता असे, आणि ज्याच्या ताब्यांत कांठ, तो येणाऱ्याजाणाऱ्या गलबतांकडून जकात घेई. कौब गांवासमोर नदीच्या ऐन मध्यावर एका खडकावर जो चिमुकला किल्ला दिसतो, त्याचा आरंभ १३२७ सालीं झाला तो केवळ याच कामासाठीं. प्रवाहाविरुद्ध जाणारीं गलबतें तीरावरून घोड्यांकडून ओढून न्यावीं लागत. ज्या बुरुजांकडे पाहून आजचा प्रवासी हरखून जातो, ते पाहून त्या काळच्या व्यापाऱ्याचा हात कमरेच्या कसाकडे जात असला पाहिजे. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेनें अशा नद्यांवर सर्वांस मोकळेपणें नौकानयन करतां यावें हें तत्त्व मान्य केलें, आणि १८१६ सालीं ऱ्हाईनच्या कांठच्या राज्यांचें मध्यवर्ती मंडळ मेंट्स येथें प्रथम भरलें. आज स्ट्रासबूर्ग येथें असलेलें हें मंडळ अद्याप चालू असलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थांत सर्वांत जुनें मानलें जातें. तत्त्व व्यवहारांत उतरण्यास मात्र अर्धें शतक लागलें. १८६८ च्या मानहाइम येथील करारानंतरच नदी खरोखर मोकळी झाली.

याच १८१६ सालच्या जून महिन्यांत 'डिफायन्स' नांवाची इंग्रजी आगबोट ऱ्हाईनमधून कोलोनपर्यंत आली. अकरा वर्षांनीं, १८२७ मध्यें, कोलोन ते मेंट्स अशी उतारूंची नियमित ने-आण सुरू झाली. इंजिनाच्या धुराबरोबरच नदीवर काव्याचाही उदय होत होता, हा योग मोठा मौजेचा आहे. कवि बायरन १८१६ सालीं या तीरावरून स्वित्झर्लंडकडे गेला. चित्रकार टर्नर दुसऱ्याच वर्षीं येथें येऊन चित्रें काढून गेला. लोरेलाय नांवाच्या १३२ मीटर उंच कड्यावर बसून खलाशांना भुलविणारी सुंदरी पुष्कळांना पुराणकाळची वाटते. पण ती ब्रेंटानो या कवीनें १८०१ मध्यें रचलेल्या गीतांतून पुढें आली, आणि हाइनेच्या १८२४ च्या कवितेनें ती घरोघरीं पोहोंचविली. तेव्हां ती सुंदरी आगबोटीहून फार तर पंधरा वर्षांनीं वडील!

प्रवासी वाढूं लागतांच त्यांना मार्गदर्शक हवा झाला. कार्ल बेडेकर यानें १८२७ सालीं कोब्लेंट्स येथें पुस्तकांचें दुकान थाटलें. मेंट्सपासून कोलोनपर्यंतच्या प्रवासावर क्लाइन नांवाच्या अध्यापकाचें पुस्तक १८२८ मध्यें निघालें होतें. त्याचे हक्क बेडेकरच्या हातीं आले, व १८३५ मध्यें त्यानें त्याची सुधारलेली आवृत्ति काढली. या ग्रंथाच्या नांवांतच तें 'जलद प्रवास करणारांसाठीं' असल्याचें नमूद होतें. आज ज्या गतीला लोक विश्रांति समजतात, ती त्या पिढीला घाई वाटत होती. परक्या गांवीं भाडोत्री वाटाड्याच्या तोंडाकडे न पाहतां प्रवाशानें काय पाहावें, कोठें उतरावें हें स्वतः ठरवावें, हा बेडेकरचा हेतु होता. टॉमस कुक १८५५ मध्यें इंग्रज मंडळी घेऊन युरोपखंडांत गेला, तेव्हां त्याच्या मार्गांत ऱ्हाईन होतीच.

पुढें १८५९ सालीं डाव्या तीरानें कोलोनपासून बिंगेनपर्यंत लोहमार्ग पुरा झाला. आतां बोटी बंद पडणार, असें कोणासही वाटलें असतें. परंतु झालें तें असें कीं, ज्याला काम होतें तो आगगाडीनें जाऊं लागला, आणि ज्याला जाणें हेंच काम होतें तो बोटीवर राहिला. वेगाची शर्यत हरल्यामुळेंच नदीप्रवासाला त्याचें आजचें स्वरूप आलें.

या शोभेच्या मागें मनुष्याचा हात किती आहे, हेंही जाणणें अवश्य आहे. टुला नांवाच्या बाडेनच्या अभियंत्यानें आंखलेल्या योजनेनुसार १८१७ ते १८७६ या काळांत वरच्या ऱ्हाईनचीं वळणें कापून ती सरळ करण्यांत आली. बाझेल ते वर्म्स हें अंतर ८१ किलोमीटरांनीं घटलें. दलदल हटली, हिंवताप ओसरला, शेतीला जमीन मिळाली. पण माशांचीं स्थानें नाहींशीं होऊन कोळ्यांचा धंदा बसला, आणि पुराचा लोंढा खालच्या शहरांवर अधिक वेगानें येऊं लागला. १ नोव्हेंबर १९८६ रोजीं बाझेलजवळ रसायनांच्या गुदामाला आग लागून विषारी पाणी नदींत गेलें व मैलोगणती मासे मेले. त्यानंतर मात्र किनाऱ्यावरच्या राष्ट्रांनीं नदी स्वच्छ करण्याचें काम नेटानें हातीं घेतलें.

ऱ्हाईन व डॅन्यूब जोडण्याचा पहिला यत्न शार्लमेन बादशहानें ७९३ मध्यें केला. १८४६ च्या कालव्याला शंभर जलद्वारें होतीं, व तो आगगाडीपुढें टिकला नाहीं. अखेरीस २५ सप्टेंबर १९९२ रोजीं बाम्बेर्ग ते केलहाइम हा १७१ किलोमीटरांचा कालवा खुला झाला. तो समुद्रसपाटीपासून ४०६ मीटर उंचीवर चढून पलीकडे उतरतो, आणि उत्तर समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंत जलमार्ग सलग होतो. त्याचीं जलद्वारें बारा मीटर रुंद असल्यानें या मार्गावरच्या मोठ्या बोटी साऱ्या सव्वाअकरा-साडेअकरा मीटर रुंदीच्या असतात. म्हणून बोटींच्या थाटामाटापेक्षां नदीचा कोणता भाग कोणत्या ऋतूंत पाहावयाचा, यावरच निवड करणें शहाणपणाचें.

किल्ले व द्राक्षमळे पाहावयाचे तर बिंगेन ते कोब्लेंट्स हे ६५ किलोमीटर दिवसाउजेडीं काटले जातात कीं नाहीं, तें आधीं पाहावें. संगीत व राजवैभव हवें तर डॅन्यूबवर मेल्कपासून व्हिएन्नाकडे जावें. भारतीय प्रवाशाला दोन्हींकडे ओळखीच्या खुणा आहेत: ऱ्हाईनवरील बॉन येथें श्लेगेलनें १८२३ मध्यें भगवद्गीता देवनागरी लिपींत लॅटिन भाषांतरासह छापली; व्हिएन्नास १८८६ च्या प्राच्यविद्या परिषदेला रामकृष्ण गोपाळ भांडारकर गेले होते. ऋतूचा विचार करतां वसंतांत पुराचें भय, तर उन्हाळ्याच्या अखेरीस व शरदांत पाणी आटण्याचें. ऑक्टोबर १९१८ नव्हे, तर शंभर वर्षांनंतरच्या ऑक्टोबर २०१८ मध्यें कौबच्या मोजपट्टीवर पाणी २५ सेंटिमीटरांपर्यंत उतरलें; २०२२ च्या उन्हाळ्यांतही नदी फार आटली. अशा वेळीं उतारूंना बोट सोडून मोटारगाडींत बसावें लागतें.

कौबच्या त्या किल्ल्यावर आतां कोणी जकात घेत नाहीं. पण नदीचा उथळ भाग तेथेंच आहे, आणि कोणत्या गलबतानें किती भार घेऊन जावें हें आजही कौबच्या पट्टीवरचा आंकडा पाहूनच ठरतें. राजांनीं हक्क सोडला. नदीनें सोडलेला नाहीं.