हिशेब मागण्याचा हक्क

भोकरदन तालुक्यांतील पिंपळगांव रेणुकाई हें गांव सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होतें. सारा भरणें हें रयतेचें कर्तव्य. त्याचा हिशेब मागण्याचा हक्क तिला नव्हता. शेजारच्या मुंबई इलाख्यांत १९१९ च्या सुधारणांनीं शिक्षणासारखीं खातीं लोकनियुक्त सभासदांतून नेमलेल्या मंत्र्यांकडे आलीं. परंतु तिजोरीची किल्ली राखीव बाजूसच राहिली. जबाबदारी एकाची व पैसा दुसऱ्याच्या हातीं, अशा कारभारांत जाब विचारावा तरी कोणास?

१ मे १९६२ रोजीं महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पण पंचायतीचे सभासद गांव निवडून देतें, तर तिचा चिटणीस जिल्हा परिषद नेमते. काम अडलें कीं एकानें दुसऱ्याकडे बोट दाखवावें, ही सोय त्यांतच आहे. जुनें द्विदल शासनच नव्या वेषांत आलें, असें आम्हांस वाटतें.

मात्र आतां हक्क रयतेच्या पदरीं आहे. जमाखर्च ग्रामसभेपुढें ठेवावा लागतो. जिल्हा परिषदेच्या हिशेबांतील आक्षेपांची छाननी विधिमंडळाची पंचायती राज समिति करते. पण समिति क्वचित् येते. गांवकरी नित्य तेथेंच असतो. त्यानेंच मौन धरलें, तर हक्क कागदावरच राहील.