ब्लॉकचं मूळ पांझरेच्या काठी

खडकवासल्याच्या धरणावर १९०३ साली बसलेल्या स्वयंचलित दारांमुळे विश्वेश्वरय्यांचं नाव शाळकरी मुलांनाही माहीत असतं. त्या दारांवर पुष्कळ लिहून झालं आहे. त्यांचं दुसरं काम मात्र कालव्याच्या कचेऱ्यांत आणि उसाच्या बांधांवरच राहिलं. ते काम म्हणजे नीरा कालव्यावर १८९९ मध्ये सुरू झालेली ब्लॉक पद्धत. तिची कुळकथा पुण्यात किंवा इंग्रजांच्या दप्तरात सुरू होत नाही, ती धुळे जिल्ह्यात, साक्रीकडच्या दातर्तीला सुरू होते, असं माझं ठाम मत आहे.

पुण्याच्या सायन्स कॉलेजातून १८८३ साली पहिल्या क्रमांकानं उत्तीर्ण झालेला हा तरुण १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागला. नेमणूक नाशिकला आणि मग खानदेशात. खात्यानं सुरुवातीलाच त्याच्याकडे सोपवलेल्या कामांपैकी एक होतं दातर्तीचं: पांझरेच्या पाटाचं पाणी नाल्यापलीकडे नेणारा नळांचा सायफन. ऐन पावसाळ्यात, नाल्याला पूर येत असताना त्यानं ते पुरं केलं. चरित्रकार हा प्रसंग जिद्दीचा नमुना म्हणून सांगतात आणि पुढे जातात. पण तो तरुण उभा होता ते खोरं कोणतं, हे कुणी थांबून पाहत नाही. ते फडांचं खोरं होतं.

पांझरा, कान, मोसम, आरम या नद्यांवर एकाखाली एक असे दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि त्याखाली भिजणाऱ्या जमिनीचे तीन किंवा चार फड पाडलेले असतात. एका फडात एकच पीक. यंदा एकात ऊस, बाकीच्यांत हंगामी पिकं, पुढच्या वर्षी फेरपालट. प्रत्येक शेतकऱ्याची थोडी-थोडी जमीन प्रत्येक फडात असते, म्हणून उसाचा फड कुठेही गेला तरी वाटा सगळ्यांना मिळतो. साल कमी पाण्याचं असलं तर गाव मिळून ठरवतं की यंदा दोनच फड भिजवायचे किंवा एकच. तोटाही मग साऱ्यांत वाटला जातो. पाटावर पाटकरी, शेतात पाणी धरायला बारेकरी, राखणीला जागल्या. यांची नेमणूक आणि त्यांचा मोबदला, दोन्ही गावानं ठरवायचं. पाट साफ करायला घरटी माणूस.

हे बंधारे कुणी बांधले यावर वाद आहे. कुणी फारुकी सुलतानांचं नाव घेतं, कुणी बागलाणच्या बागूल राजांचं, कुणी पेशवाईचं. मला बागूलांकडे कौल द्यावासा वाटतो, कारण मोसम आणि आरम या दोन्ही नद्या त्यांच्या मुलखातल्या. पांझरेचे बंधारे त्या कसबाचा पसारा असावेत.

आता नीरेकडे या. दुष्काळाच्या तडाख्यानंतर आखलेला हा कालवा भाटघरच्या पाण्यावर चालतो. चांगल्या पावसाच्या सालात पाण्याला गिऱ्हाईक नाही आणि दुष्काळात झुंबड, अशी तिथली रीत होती. ऊस कालव्यालगत विखुरलेला, पाझर सगळीकडे. विश्वेश्वरय्यांनी उपाय काढला तो असा: जमीन एकत्र गटात बांधायची, पाणी वर्षानुवर्षांच्या करारानं द्यायचं, त्यातला साधारण तिसरा हिस्साच उसाला, उरलेल्यात हंगामी पिकं, आणि ऊस फिरता ठेवायचा. हिशेब ओळखीचा वाटत नाही का? तीन भाग, एकात ऊस, दरसाल फेरपालट.

यावर एक पर्यायी मत असं की हे उत्तरेकडून आलं. विश्वेश्वरय्या १८९०च्या दशकात सिंधमध्ये सक्करला होते, आणि पंजाबातल्या कालव्यांवर वारबंदी होतीच. मला हे पटत नाही. सक्करचं काम पिण्याच्या पाण्याचं होतं. शिवाय वारबंदी वेळेची वाटणी करते. कोणत्या तुकड्यात कोणतं पीक घ्यायचं, याला ती हातच लावत नाही. ब्लॉकचा सगळा जीव मात्र त्याच प्रश्नात आहे. दुसरं मत जास्त वजनदार आहे: जो कुणी विचारी इंजिनिअर नीरेच्या पाण्याचा हिशेब मांडेल तो याच उत्तराला येईल, त्याला खानदेशाची गरज नाही. पण मग प्रश्न उरतो की त्याच कालव्यावर त्याआधी बसलेल्या हुशार इंग्रज अधिकाऱ्यांना हे का सुचलं नाही? त्यांनी पाणी मोजलं होतं. पिकाची फेरपालट पाण्याच्या वाटणीला बांधलेली पाहायला फडाच्या बांधावर उभं राहावं लागतं, आणि हा माणूस उमेदवारीच्या वयात तिथे उभा राहिला होता.

कर्ज घेताना एक गोष्ट मात्र मागे राहिली आणि तिचं मला मनापासून दुःख आहे. फडात प्रत्येकाची जमीन प्रत्येक तुकड्यात होती आणि पाटकरी गावाचा होता. ब्लॉकमध्ये करार सरकारशी झाला, मंजुरी कचेरीतून आली. पुढे ऊस फिरायचा थांबला आणि ज्याच्या नावावर ब्लॉक त्याच्याच शेतात तो रुजला. नीरेच्या खोऱ्यात जमिनी खारवू लागल्या, आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरोल्ड मॅन यांनी व्ही. ए. ताम्हाणे यांच्याबरोबर १९१० साली त्या खाऱ्या जमिनींवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. पांझरेकाठी उसाचा फड दरसाल हलत असे, जमिनीला विसावा मिळत असे.

पुढे कृष्णराजसागराचं पाणी मंड्याकडे नेणारा आयर्विन कालवा तयार झाला, ज्याला आज विश्वेश्वरय्यांचंच नाव आहे. तिथेही ब्लॉक आखले गेले आणि पिकांची तीन भागांतली फेरपालट ठरवली गेली. माझा तर्क खरा असेल, तर मंड्याच्या शेतकऱ्यानं ऊस आणि भाताची आलटून-पालटून जी पाळी धरली, तिचा पहिला धडा साक्रीच्या पाटकऱ्यानं दिला होता.