लाखोळी खावी की नाही? एका डाळीचा इतिहास

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसाशी आहाराविषयी बोलायला बसलं की भात, आंबाडी, जवसाची चटणी यांच्यानंतर कधीतरी लाखोळीचं नाव निघतंच, आणि बहुतेकदा जरा दबक्या आवाजात. "डॉक्टर, तिनं लकवा होतो म्हणतात. खरं का?" या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर देता येत नाही. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

लाखोळी हे धानाच्या मुलखातलं पीक. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही किंवा पलीकडे आरमोरी, वडसा इथल्या बांध्यांमध्ये धान उभं असतानाच ओल्या मातीत लाखोळी फेकून पेरतात. याला उतेरा म्हणतात. नांगरणी नाही, खत नाही, पाणी नाही. धान कापून झालं की मागे हे पीक वाढत राहतं. पाऊस दगा देतो त्या वर्षी बाकीची पिकं जातात, ही तग धरते. शंभर ग्रॅम डाळीत सुमारे २८ ग्रॅम प्रथिनं असतात; तुरीच्या डाळीत साधारण २२. गरिबाच्या घरात यापेक्षा स्वस्त प्रथिन मिळणं अवघड.

पण दुष्काळात टिकते, हाच तिचा धोकाही आहे. ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी स्लीमन यानं मध्य प्रदेशातल्या सागर भागाची एक हकीकत लिहून ठेवली आहे. १८२९ पासून सलग तीन वर्षं गहू बुडाला, शेतात आपोआप उगवलेली लाखोळी तेवढी हाती आली, आणि लोक तिच्यावरच जगले. १८३३ पासून गावातली तिशीच्या आतली पोरं कमरेखाली लुळी पडू लागली. पुढे १९४२ मध्ये युरोपात व्हाप्नियार्का इथल्या छावणीत ज्यू कैद्यांना रोज हीच डाळ खायला घातली गेली आणि काही महिन्यांत शेकडो जणांचे पाय गेले. आजार ओळखला तो त्यांच्यातल्याच एका कैदी डॉक्टरनं, आर्थर केसलर यांनी.

या आजाराला लॅथिरिझम म्हणतात. १९६४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि सरमा यांनी त्यामागचा विषारी घटक वेगळा काढला. त्याचं छोटं नाव ओडॅप. मेंदूकडून पायांच्या स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या चेतापेशींना तो गरजेपेक्षा जास्त उत्तेजित करतो, आणि शेवटी त्या मरतात. पाय ताठ होतात, चालताना गुडघे एकमेकांवर येतात, माणूस चवड्यांवर चालू लागतो. बुद्धी शाबूत राहते, स्पर्शही कळतो. पण गेलेली ताकद परत आणणारं औषध आजही नाही.

मग सगळेच खाणारे लुळे का होत नाहीत? इथेच आहाराचा हिशेब येतो. रोजच्या अन्नाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त लाखोळीचा असेल आणि असं काही महिने सलग चाललं, तर धोका वाढतो. भातासोबत वाटीभर वरण, सणाला वडे, बाकी दिवशी तूर, मूग, भाजी, असं खाणाऱ्याची गोष्ट वेगळी. रीवा भागात पांगळेपणा पसरला तो प्रामुख्यानं वेठबिगार शेतमजुरांत, कारण त्यांना मजुरीच लाखोळी मिसळलेल्या धान्यात मिळायची. दुसरं काही निवडायची सोय त्यांना नव्हती.

१९६१ मध्ये अन्नभेसळविरोधी कायद्याखाली लाखोळीच्या विक्रीवर बंदीची तरतूद झाली. पेरण्यावर मात्र बंदी नव्हती. त्यामुळे शेतकरी पिकवत राहिला, घरी खात राहिला, आणि उरलेली डाळ बेसनात नि तुरीच्या डाळीत लपून बाजारात जाऊ लागली. माझ्या मते ही बंदी चुकीच्या टोकाला लावलेली होती. खरी अडचण मजुरीची आणि एकसुरी ताटाची होती. ती सोडून दोष डाळीला दिला गेला.

दुसरा रस्ताही उपलब्ध होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत नागराजन, मोहन आणि गोपालन यांनी १९६० च्या दशकातच दाखवून दिलं की डाळ भरपूर गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिलं तर बराचसा ओडॅप निघून जातो. यात काही ब जीवनसत्त्वंही वाहून जातात, हा तोटा आहेच. शिवाय जिथे सरपण आणि पाणी डोक्यावरून आणावं लागतं, तिथे हा उपाय सांगायला सोपा, करायला कठीण. पुढे रतन, प्रतीक, महातिवडा असे कमी ओडॅपचे वाणही निघाले.

नागपूरचे आहार अभ्यासक डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदीविरुद्ध अनेक वर्षं लढा दिला. पूर्व विदर्भातले लोक पिढ्यान्‌पिढ्या लाखोळी खातात, पांगळे कुठे आहेत, हा त्यांचा सवाल होता. २००८ मध्ये महाराष्ट्रानं बंदी उठवली. केंद्राच्या २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांत मात्र निर्बंध राहिले, आणि २०१६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीनं कमी ओडॅपच्या वाणांना अनुकूल मत दिल्यावरही तज्ज्ञांमधला वाद मिटला नाही. कोठारींचा सवाल रास्त आहे, पण त्यातून "कितीही खा" असा अर्थ काढू नये. दुष्काळी वर्षात इथलं ताटही सागरसारखं होऊ शकतं.

म्हणून आहारतज्ज्ञ तुम्हाला "लाखोळी खाता का?" एवढंच विचारणार नाही. आठवड्यातून किती वेळा, किती वाट्या, पाणी फेकता का, सोबत काय असतं, बेसन घरचं की सुटं विकतचं, हे सगळं विचारेल. लाजू नका, खरं सांगा. घरी पिकत असेल तर ती कधीमधी, भिजवून, पाणी टाकून, इतर डाळींसोबत आलटून पालटून खाता येते. रोजची एकमेव डाळ म्हणून नको. आणि खाणाऱ्यापैकी कुणाच्या पोटऱ्यांत वारंवार गोळे येत असतील, पाय जड वाटत असतील किंवा चालताना अडखळायला होत असेल, तर लाखोळी त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीलाच थांबवली तर आजार पुढे सरकायचा बहुधा थांबतो.