गृहशुश्रूषेची मानके (मावळ व लोणावळा)

रुग्ण, वृद्ध वा बाळंतिणीची राहत्या घरी होणारी सेवा कोणत्या दर्जाची व कितपत निर्धोक असावी, याचे नियमन. घरसेवा-संस्थांस नोंदणी व किमान मानके बंधनकारक करू पाहणारे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे लोणावळ्यातील एकाकी वृद्धास ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाविषयीच्या २००७ च्या अधिनियमाखाली प्रांताधिकाऱ्याच्या दर्जाच्या अंमलदारापुढे अपत्यांकडून निर्वाहाची दाद मागता येते, सेविकेच्या कौशल्याची नव्हे, ही उणीव गंभीर होय. याउलट आंदर, नाणे व पवन मावळांतील, मुसळधार पावसात दुर्गम होणाऱ्या वाड्यांवर आशा सेविकेच्या नवजात-भेटी नियमबद्ध असतात: रुग्णालयातील प्रसूतीनंतर सहा, घरच्या प्रसूतीनंतर सात. बाळाचे वजन, तापमान व स्तनपान पाहण्याची ही पद्धती बंग या डॉक्टर दांपत्याच्या गडचिरोलीतील प्रयोगातून देशभर गेली.